मंगलच्या दाढेतली कीड

मंगलला दुपारी झोपवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी गुळावर उरकत होते. मी दहा वर्षांची, ती पाचची. माझी शाळा सकाळची, आईचा शिवणक्लास दुपारचा. बारा वाजता मी दप्तर टाकलं की आई पदर खोचून बाहेर पडायची आणि साडेतीनपर्यंत धाकटी बहीण माझ्या ताब्यात असायची. औरंगपुऱ्यामागच्या एका गल्लीत ओळीनं सहा बिऱ्हाडं होती, त्यातलं दुसरं आमचं. दोन खोल्या, वर पत्रे, मागं न्हाणी आणि तिच्यापलीकडं सगळ्यांचं मिळून एक अंगण. अण्णा, म्हणजे माझे वडील, पैठणच्या धरणावर कामाला होते आणि शनिवारी संध्याकाळी यायचे. एरवी घरात आम्ही तिघीच. दुपारी पत्रे तापून तडकायचे, शेजारच्या खोलीतून पाट्यावर चटणी वाटल्याचा आवाज यायचा, आणि अंगणात गल्लीतल्या मुलींचा सागरगोट्यांचा डाव पडलेला असायचा. त्या डावात मला जायचं असायचं. बाकी काही कारण नव्हतं, आणि आता या वयात मी दुसरं काही कारण शोधणारही नाही.

गूळ पिशोरच्या मामाकडून यायचा. गोणपाटात गुंडाळलेली काळसर ढेप आई फोडून पत्र्याच्या डब्यात भरायची आणि डबा वरच्या फळीवर ठेवायची. मी पाटावर पाट ठेवून डबा काढायची, बोराएवढा खडा मंगलच्या डाव्या गालात सारायची आणि सांगायची, "चावायचा नाय. विरघळू दे. चावला की उद्या नाय." ती डाव्या कुशीवर वळायची, गाल फुगलेला, डोळे जड. घुटुक घुटुक गिळल्याचा आवाज हळूहळू लांबत जायचा आणि थांबायचा. खडा अर्धाच विरघळलेला असायचा. तो तसाच गालात आणि मी अंगणात. हे मी दोन-चार दिवस केलं नाही, एक संबंध हिवाळा आणि त्यापुढचा उन्हाळा केलं. उठल्यावर तिच्या तोंडाला आंबूस वास यायचा. आई येण्याआधी मी पाण्याचा हबका मारून तिचं तोंड बाहेरून पुसून घ्यायची. आतून धुवायला पाहिजे हे मला सुचलं नाही, कारण आईला दिसणार होतं ते फक्त बाहेरचं.

खालच्या डाव्या दाढेवर पहिल्यांदा तिळाएवढा काळा ठिपका दिसला तो आईला. सकाळी ती आम्हा दोघींचे दात राखुंडीनं घासून घ्यायची आणि मग चुलीपुढं बसून स्वतः मिसरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो करपट वास म्हणजे माझ्या लेखी सकाळ. तिनं ठिपक्यावर नख घासून बघितलं आणि म्हणाली, "दुधाचे दात हायेत. पडणारच हायेत." एवढ्यावर ते संपलं. मलाही बरं वाटलं. जे पडणारच आहे त्याची काळजी कोण करतं? आज मी ज्या बालवाडीत शिकवायला जाते, तिथल्या शिकलेल्या आया हातात फोन धरून मला हेच वाक्य शब्दाला शब्द ऐकवतात, आणि त्यांच्या लेकरांच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो.

पावसाळ्याच्या तोंडाला ठिपक्याचं भोक झालं आणि मंगल रडायला लागली. मोठ्यानं नाही. कुत्र्याच्या पिल्लासारखं बारीक कुईकुई, जेवताना आणि गार पाणी पिताना. आईनं लवंग दाबली. मग हिंग. मग एके सकाळी आपल्या डबीतली मिसरीची चिमूट तिच्या दाढेत भरली. मंगलला घेरी आली, ती पांढरीफटक पडली आणि तिनं सगळी भाकरी ओकून टाकली. आईनं तिला मांडीवर आडवं घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "हिला काय चारतीस का गं तू?" मी म्हणाले, "नाय." तेव्हापासून मी भ्यायला लागले, आणि त्या भीतीचं खरं कारण पाचोडला होतं. माझ्या मोठ्या आत्याची मुलगी, सहा वर्षांची, दाढ दुखून गाल सुजला आणि चौथ्या दिवशी गेली. आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. "ती गालाची पोरगी" असं म्हणत आणि विषय बदलत.

आईनं सरूमावशींना बोलावलं. सरूमावशी ओळीतल्या शेवटच्या खोलीत राहायच्या, मूळच्या फुलंब्रीच्या, उंच, रापलेल्या, हसऱ्या. दाताची कीड झाडायची विद्या त्यांना सासूनं दिली होती. त्या त्याबद्दल कुणाकडून सुपारीसुद्धा घेत नसत. घेतलं तर गुण जातो, असं त्या मानायच्या. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे झालं त्यावरून कुणाला त्या लबाड वाटतील. त्या लबाड नव्हत्या. गल्लीतल्या कुठल्याही बाळंतिणीला पहिलं पाणी गरम करून देणाऱ्या त्या होत्या.

त्यांनी परातीत पाणी घेतलं, मधोमध वाटी पालथी घातली, वाटीवर लाल तापवलेलं खापर ठेवलं आणि त्यावर तुपात कालवलेलं रिंगणीचं बी टाकलं. माळरानावर काटेरी, पिवळ्या फळांची वेल पसरते, तिचं हे बी. ते तडतडायला लागलं, धूर उठला. सरूमावशींनी मंगलचं तोंड त्या धुरावर धरलं आणि दोघींच्या डोक्यावरून घोंगडी ओढली. आतून खोकणं, रडणं आणि मावशींचं, "आ कर गं माझे माय, आ कर, निघायली बघ, निघायली." थोड्या वेळानं घोंगडी दूर झाली. मंगलचं तोंड लाळेनं आणि आसवांनी भिजलेलं, आणि परातीतल्या पाण्यात पांढऱ्या, बारीक, वाकड्या किडी. मी मोजल्या नाहीत, मला मोजवल्या नाहीत. मावशींनी काडीनं एक उचलून आईला दाखवली.

"ही बघा नंदाबाई. किती माजलीय."

आई म्हणाली, "अगं माय! एवढ्या लेकराच्या तोंडात?"

"गोड लई खात असंल."

"घरात गोड कुठं आलंय मावशी?"

मी न्हाणीच्या दारात उभी होते. माझी जीभ आपोआप माझ्याच दाढांवरून फिरायला लागली. खडा काढताना मी स्वतःच्याही तोंडात टाकायची.

धुरानं हिरड्या बधिर झाल्या असतील, नाहीतर नुसत्या धाकानं असेल, पण मंगलचं दुखणं थांबलं. मावशींनी उरलेलं बी पुडीत बांधून आईकडं दिलं. पुन्हा लागलं तर असावं म्हणून. आता माझी खरी चूक सांगते. गुळाची नव्हे, ती तर झालीच होती. कीड निघाली ना, मग आता गूळ चालेल, असं माझं मन मला सांगायला लागलं. महिनाभर मी भीतीनं गूळ बंद ठेवला. मंगल दुपारी झोपेना, अंगणातून हाका येत, आणि एक दिवस मी डबा काढला. या खेपेला उजव्या गालात घालते म्हणाले, आणि त्यात मला मोठी अक्कल वाटली. ती सवयीनं डाव्या कुशीवर वळली आणि खडा आपला घरंगळत डावीकडं गेला.

ज्या सकाळी तिचा गाल सुजला, त्या सकाळी मला जाग आली ती आईच्या हाकेनं. हाक नव्हतीच ती, नुसता घशातला आवाज होता. मंगल उशीवर बसली होती आणि तिचा डावा गाल जबड्यापासून डोळ्यापर्यंत तुकतुकीत, ताणलेला, लाल. अंगात ताप. तोंड एक बोटभरच उघडत होतं. आईनं तिच्या गालाला हात लावला आणि पटकन काढून घेतला. पाचोडचं नाव कुणीच काढलं नाही, पण खोलीत आम्ही दोघी तेच ऐकत होतो. सरूमावशी फुलंब्रीला गेल्या होत्या, दुपारच्या गाडीनं यायच्या होत्या. आई सकाळभर मंगलला मांडीवर घेऊन बसली. पाण्याचा चमचा दिला तर निम्मं पाणी हनुवटीवरून गळायचं. अकराच्या सुमारास सूज डोळ्याखाली चढली आणि डोळा बारीक झाला. आई उठली. "मी गल्लीच्या तोंडाशी थांबते, मावशी आल्या की धरून आणते. तू शेगडी पेटव, परात मांडून ठेव. अन् हिच्याकडं ध्यान दे, समजलं?"

मी मागच्या अंगणात सगळं मांडलं. खापर तापलं. मंगल आत कण्हत होती, मधेच कण्हणं थांबलं की मी धावत जाऊन तिची छाती हलते का बघायची आणि परत यायची. अशा तिसऱ्या फेरीत मला वाटलं, माझ्याही तोंडात किडी असतील. मंगल गेली की माझी पाळी. पुडी कोनाड्यात होती. मी थोडं बी तुपात माखून खापरावर टाकलं, टॉवेल डोक्यावर घेतला आणि तोंड उघडलं. धुरानं डोळ्यांत अंगार गेला. टॉवेल काढून खाली बघितलं, तर पाण्यात किडी. पांढऱ्या, वाकड्या, तशाच. माझा एकही दात दुखत नव्हता, एकही ठिपका नव्हता, आणि माझ्या तोंडातून एवढ्या पडल्या होत्या. पाणी ओतून दिलं, नवं घेतलं, खापर पुन्हा तापवलं, उरलेल्या बियांतलं अर्धं टाकलं. किती शिल्लक आहेत ते बघायचं होतं. पण या वेळी पहिल्याच धुरानं असा ठसका लागला की मी मागं कोलमडले आणि लिंबाच्या बुंध्याला टेकून खोकत बसले. तोंड परातीपासून दोन हात लांब. बी खापरावर तडतडत होतं. आणि बी फुटलं की त्यातून काहीतरी उडत होतं आणि टप् करून पाण्यात पडत होतं.

मी रांगत जवळ गेले. पाण्यात किडी होत्या. वर कुणाचंही तोंड नव्हतं.

एक बी मी फरशीवर घेऊन दगडानं हलकेच ठेचलं. आत, गुंडाळी करून, तीच पांढरी कीड. बियाचा कोंब होता तो. मला फार मोठा शोध लागला असं काही वाटलं नाही. मला एवढंच कळलं, की मंगलच्या दाढेतून त्या दिवशी काहीही निघालं नव्हतं. जे होतं ते अजून आतच होतं आणि आता गालात आलं होतं.

आई आणि सरूमावशी लगबगीनं आत आल्या. मावशींच्या खांद्याला अजून प्रवासाची पिशवी होती. मंगलला बघून त्यांचा चेहरा उतरला, पण हात कामाला लागले. "आण गं सुमे परात. खापर तापलंय नव्हं?"

मी म्हणाले, "धूर द्यायचा नाय."

"काय?" आई.

"कीड तिच्या तोंडात नसती. बियात असती. मी बघितली."

आईनं हात उगारला. "सरूमावशींना तोंड वर करून बोलायलीस? लेकराचा जीव चाललाय इथं अन्—"

"आई, मी तिला गूळ देत होते. रोज. झोपताना. म्हणून सडलं ते."

उगारलेला हात पडला. एकदाच, पण कान बधिर झाला. मी रडले नाही. रडले असते तर पुढचं राहून गेलं असतं. मी त्यांना मागं अंगणात नेलं, परात ओढली, चिमट्यानं तापलेलं खापर वाटीवर ठेवलं, राहिलेलं बी त्यावर टाकलं आणि दोघींचे हात धरून त्यांना लांब उभं केलं. तिघी बघत राहिलो. तडतड झाली. टप्. टप्. सरूमावशी पुढं झाल्या, वाकल्या, पाण्यात बोट घालून एक कीड बोटावर घेतली आणि उन्हात धरली. मग म्हणाल्या, "सासूबाईंनी असंच दिलं होतं गं. मी कधी तोंड बाजूला घेऊन बघितलंच नाय." एवढं बोलून त्यांनी पिशवी खाली टाकली, मंगलला खांद्यावर घेतलं आणि आईला म्हणाल्या, "चपला घाल. शहागंजात दाताचा डॉक्टर बसतो. एक वाजता दवाखाना बंद होतो त्याचा. उभ्या ऱ्हाऊ नका, चला."

रस्ताभर मंगलचं डोकं मावशींच्या खांद्यावर डुगडुगत होतं. मी मागून पळत होते आणि तिचा उघडा असलेला एक डोळा माझ्याकडं बघत होता. तो मिटला की मी "मंगी!" म्हणून ओरडायची आणि तो पुन्हा उघडायचा. डॉक्टर म्हातारे होते, पांढरी दाढी, जाड चष्मा, कुलूप हातात घेऊन दारातच उभे. त्यांनी मंगलकडं एक नजर टाकली आणि कुलूप खिशात घातलं.

"कब से सूजा ये?"

"आज सकाळपासून," आई म्हणाली.

"और दाँत कब से दुखरा?"

आईनं मावशींकडं बघितलं. मी म्हणाले, "दोन महिने."

"दूध का दाँत है बोलके बैठे रहे, है ना अम्मा? इसकी जड हड्डी में रहती. पीप हड्डी से गाल में आ गया. कल आते तो गले में उतरता, सांस बंद हो जाती." मग माझ्याकडं वळून, "सोते वखत क्या खाती ये?"

"गूळ. गालात ठेवून."

"कौन देता?"

"मी."

ते मला ओरडले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी फक्त खुर्चीकडं बोट केलं. "तू इदर आ. इसका सर तू पकड. अम्मा के हात कांपरे."

इंजेक्शन दिलं, थोडं थांबले, मग लोखंडी पकड घेतली. मी मंगलचं डोकं दोन्ही हातांत धरलं. तिच्या केसांना घामाचा आणि तापाचा वास होता. "नक्को डर बेटी, हल्लू, हल्लू," डॉक्टर म्हणत होते, कुणाला ते कळत नव्हतं. दाढ निघाली तेव्हा मला हातात कटकन जाणवलं आणि पाठोपाठ पू आणि रक्त तिच्या फ्रॉकवर आलं. तो वास मी ओळखला. दुपारी ती उठल्यावर यायचा तोच, फक्त शंभरपट. मंगल किंचाळली आणि मी हात सोडायच्या आत तिनं माझ्या तळव्याला कडकडून चावलं. मी हात काढला नाही. डॉक्टरांनी मान हलवली. "चिल्लारी ना, अच्छा है. अब चिल्लाने दो."

पाच दिवस रोज सुई टोचायला तिला शहागंजात न्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी डोळा पूर्ण उघडला. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आईला समोर बसवून समजावलं, आणि ते मी अजून माझ्या बालवाडीत तसंच्या तसं सांगते: रात्रीच्या जेवणानंतर मोठ्या माणसानं आपल्या हातानं लेकराचे दात घासायचे, त्यानंतर फक्त पाणी. गोड जेवणाबरोबर द्या, मधेमधे चघळायला देऊ नका. काळा ठिपका दिसला तर दुखायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात आणा, भरून टाकू. आणि सहाव्या वर्षी सगळ्यात मागं एक दाढ येते, ती कुणाच्या जागी येत नाही म्हणून लोक तिला दुधाची समजतात. ती जन्मभराची असते. तिला जपा. आईनं मिसरीची डबी त्या दिवशी फेकली असं काही झालं नाही. पण मंगलच्या तोंडात तिनं ती परत कधी घातली नाही.

सरूमावशींकडं लोक येतच राहिले. त्यांनी धूर द्यायचं बंद केलं. "माझ्याकडनं गुण गेला," असं सांगायच्या आणि शहागंजाचा पत्ता द्यायच्या. गुण का गेला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

मंगलनं मात्र माझ्यापुढं तोंड उघडायचं सोडलं. रात्री दात घासायला ती आईपुढं बसायची, आ करायची. आई कामात असली आणि मी बोटावर मंजन घेतलं की ओठ घट्ट मिटून, मान फिरवून भिंतीकडं बघायची. बोलायची, खेळायची, माझ्याच पांघरुणात झोपायची. पण तोंड नाही. आईनं एकदा तिला दटावलं, "बहीण हाय ती तुझी, खातीय का काय?" मंगल म्हणाली, "तिला नाय दावायचं." मी आईला म्हणाले, राहू दे. दिवाळी झाली. संक्रांत झाली, त्या दिवशी तिनं तिळगूळ खाल्ला, आपण होऊन न्हाणीत गेली आणि खळाळून चूळ भरली, दोनदा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी मी दारात बसून गहू निवडत होते. ती येऊन समोर उभी राहिली. काही न बोलता तिनं माझा हात धरून मला उजेडाकडं ओढलं, आणि तोंड उघडलं. मोठं, घशापर्यंत.

"मागं दुखायलंय. बघ, कीड हाय का."

किडी नसतात हे गल्लीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी मी तिची हनुवटी धरून एकेक दात बघत गेले. पाडलेल्या दाढेची जागा मोकळी, गुलाबी. तिच्यामागची धड. आणि तिच्याही मागं, जिथं काहीच नसायला हवं होतं तिथं, हिरडी सुजलेली, ताणलेली, आणि तिच्या मधोमध काहीतरी पांढरं.

मी आईला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी धावत आली, मला बाजूला सारून वाकली, तिनं मंगलच्या तोंडात बोट घालून ते पांढरं टोक चाचपलं. मग तशीच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "काय जीव घेतेस गं सुमे. दाढ येतीय."